केसाएवढी पिन

शेवटचा स्क्रू आवळून तिनं लॅपटॉप सुलटा केला, चालू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत बसली. शून्य दशांश चार. सकाळपासून चौथ्यांदा तोच आकडा. एरवी अडीचच्या घरात धावणारा प्रोसेसर चिखलातून चालल्यासारखा एकेक पाऊल टाकत होता, आणि त्याला पळवायचे तिचे सगळे उपाय थकले होते.

उपाय तरी किती करावेत माणसानं! पंखा काढून त्यातली धूळ झटकून झाली. प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावून झाली. विजेची बचत करणारी सेटिंग कुणी चुकून लावून ठेवली नाही ना, मागे काही नको ते चालू नाही ना, हेही बघितलं. तापमान पाहावं तर थंडगार. ताप नाही, खोकला नाही आणि रोगी अंथरुणातून उठायला तयार नाही, असा सगळा मामला होता. चार्जरवर संशय आला म्हणून तिनं दुकानातला, सगळ्या कंपन्यांना चालणारा चार्जर लावून पाहिला. तरीही शून्य दशांश चार. तेव्हा तिनं वहीतल्या यादीत ‘चार्जर’ या शब्दावर काट मारली होती.

लॅपटॉप पाखरंवालीचा. हे नाव दुकानानंच तिला दिलेलं. ती बाई तीन वर्षं पहाटे उठून एका दलदलीच्या काठी माइक घेऊन बसत होती आणि तिथल्या पक्ष्यांचे आवाज साठवत होती. आता ते सगळे आवाज लॅपटॉपनं ऐकायचे आणि कोण कधी बोललं ते वेगळं करायचं, असं तिचं संशोधन. पूर्वी एका दिवसाचे आवाज तो एका रात्रीत ऐकून संपवायचा. आता त्याला आठवडा लागत होता. दोन दिवसांचे आवाज उरले होते आणि प्रबंध द्यायची तारीख तीन दिवसांवर आली होती. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे तो कायम भिंतीला बांधलेला असायचा.

“काय, बदललं का काही?” पलीकडच्या टेबलावरून घड्याळजींनी विचारलं. मान वर न करता.

“नाही बाबा. अजून दोषच सापडला नाही.”

“सापडला की बदलशील.”

हा टोमणा तिच्या टेबलाइतकाच जुना होता. दुकान मुळात घड्याळजींचं. तिन्ही भिंतींवर लोकांची घड्याळं टिकटिकत असायची, आणि त्या आवाजाची या दोघांना इतकी सवय होती की रविवारी घरी त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मुलगी आठ वर्षांची असल्यापासून बापाच्या टेबलाखाली बसून पडलेले स्क्रू वेचायची, म्हणून तिचं नाव चिमटी. पुढे तिनं सगळं काम शिकून घेतलं आणि हात बसला न बसला तोच तीन हातांवर स्वतःचं वेगळं टेबल मांडलं, कंप्युटरचं. घड्याळजींनी अडवलं नाही. फक्त ते त्या टेबलाकडे कधी फिरकले नाहीत. माठातलं पाणी प्यायला जातानाही ते दाराच्या बाजूनं लांबचा वळसा घालून जात.

“घड्याळ दुरुस्त होतं,” ते म्हणत. “तुमच्याकडे नुसतं काढतात आणि दुसरं बसवतात. त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.”

तिला हे लागायचं. अर्ध्याहून जास्त खरं होतं म्हणूनच लागायचं. त्यांनी एकदा तरी उठून यावं, भिंगातून बघावं आणि काही म्हणू नये, नुसतं बघावं, एवढीच तिची इच्छा होती. चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती म्हणून तिनं ती कुणाला सांगितली नव्हती.

गेलं वर्षभर घड्याळजींचे हात थरथरत होते. मनगटी घड्याळं घेणं त्यांनी बंद केलं होतं. भिंतीवरची घड्याळं तेवढी उघडायची, सेल घालून द्यायचे. औषध चालू होतं आणि त्याचा उपयोग होत नव्हता. दिवाळखोर माणसानं उरलेली एक वस्तू जपावी तसं त्यांनी एक वाक्य जपून ठेवलं होतं, आणि ते आल्यागेल्याला ऐकवत.

“पन्नास वर्षांत या हातांनी एक वस्तू बिघडवलेली नाही. ज्या दिवशी बिघडवतील त्या दिवशी दुकानाची किल्ली हिच्या टेबलावर.”

आणि ते बोलले की करत, हीच पंचाईत होती. आईच्या आजारपणात ते ‘चहात साखर नको’ म्हणाले होते. आई बरी होऊन वीस वर्षं झाली, ती स्वतः दोन चमचे घालून घ्यायची, पण यांचा चहा अजून बिनसाखरेचाच होता.

तिनं वही पुन्हा पुढे ओढली. काट मारलेले शब्द वरून खाली वाचले. ‘चार्जर’पाशी बोट थांबलं. आणि एकदम तिनं कपाळावर हात मारून घेतला.

या कंपनीच्या चार्जरच्या टोकाला, नळीच्या मधोमध, केसाएवढी एक पिन असते. सगळ्या कंपन्यांना चालणाऱ्या चार्जरला ती नसते. म्हणजे तिनं दोन साक्षीदार तपासले होते, पण त्यातला एक जन्माचा मुका होता हे ती विसरली होती.

पाखरंवालीच्या चार्जरचं टोक तिनं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पिन नव्हती. मोडली असेल, तर मोडल्याची खडबडीत जागा दिसेल या अंदाजानं तिनं नजर आणखी आत नेली आणि ती तशीच थबकली.

पिन मोडलेली नव्हती. ती तळाशी कापली होती, आणि कापून तशीच सोडलेली नव्हती. उरलेल्या खुंटाचं टोक घासून गोल केलं होतं, मग गुळगुळीत केलं होतं, मग त्याला चकाकी आणली होती. पेन्सिलच्या टोकाहून बारीक अशा त्या खुंटावर दिव्याचा इवलासा ठिपका पडला होता आणि तो जराही फाकला नव्हता. इतकं स्वच्छ काम तिनं स्वतःच्या हातून कधी होताना पाहिलं नव्हतं. नळीच्या कडेवर एक टिंब कोरलेलं होतं आणि त्याखाली तारीख, सतरा दिवसांपूर्वीची.

त्या टिंबाला ती आठ वर्षांची असल्यापासून ओळखत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाआड घड्याळजी ते कोरत. खूण केल्याशिवाय वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा त्यांचा नेम होता.

ती फोन घेऊन दाराबाहेर पायरीवर गेली.

“चार्जर कुणाला दाखवला होता का हो?” तिनं आवाज खाली आणून विचारलं.

“तुमच्याच बाबांना की!” पाखरंवाली म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी नव्हता. प्लग आतच जात नव्हता. त्यांनी दुपारभर बसून करून दिला, काही घेतलंसुद्धा नाही. का हो?”

“सहज. त्यानंतर चालू करताना लॅपटॉप काही विचारत होता?”

“हो, चार्जर ओळखता येत नाही असलं काहीतरी. रोज तेच तेच. मग मी ‘पुन्हा दाखवू नका’ वर टिचकी मारली.”

फोन ठेवल्यावर ती तिथंच उभी राहिली. काचेतून आत घड्याळजी दिसत होते. ते कपबशी उचलत होते. कप बशीवर वाजत होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरला आणि मग मान खाली नेऊन कपाला ओठ लावले. या हातांनी! ज्या हातांना चहा तोंडापर्यंत नेता येत नाही त्या हातांनी, एका अरुंद नळीच्या तळाशी जाऊन, केसाच्या टोकाला चकाकी आणली होती. दुपारभर म्हणाली ती. तेवढी दुपार त्यांनी श्वास कसा धरून ठेवला असेल कोण जाणे. मग तिला किल्ली आठवली.

सांगायचं नाही, तिनं ठरवून टाकलं. नवा चार्जर यायला चार दिवस लागणार होते, तोवर पाखरंवालीची तारीख उलटून गेली असती. तेव्हा मार्ग एकच होता. घड्याळाच्या चक्राचं टोक मोडलं की खुंटात भोक पाडून नवं टोक बसवतात. ते तिला येत होतं. घड्याळजींनीच शिकवलं होतं. हत्यारं मात्र त्यांच्या खणात होती.

“बाबा, ते सगळ्यात बारीक गिरमिट देता? आणि पोलादी तार.”

घड्याळजींनी पहिल्यांदाच मान वर केली.

“कशाला?”

“एक पिन बसवायचीय.”

“बसवायचीय? बदलायची नाही?”

“मिळत नाही ती बदलून.”

त्यांनी खण उघडला. गिरमिटाची डबी काढली, पण तिच्या हातात दिली नाही. खुर्ची मागे सारून उठले आणि दाराकडून वळसा न घालता सरळ तिच्या टेबलाशी आले. तीन हातांचं अंतर. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट नको त्या दिवशी दत्त म्हणून उभी राहिली होती. तिनं चार्जरच्या टोकावर पंजा ठेवला.

“मी करते बाबा. हा दिवा डोळ्यांना फार लागतो, तुम्हाला त्रास होईल.”

“पन्नास वर्षं दिव्याखालीच बसलोय. सरक.”

ती सरकली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. भिंतीवरची घड्याळं टिकटिकत राहिली. ती त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे बघत होती. मान हलली नाही. बराच वेळ हलली नाही.

“खूण माझी आहे,” ते तसेच वाकून म्हणाले.

“हो.”

“पिन वाकली होती. म्हणून प्लग आत जाईना. वीज बाहेरच्या नळीतून येते, मी मीटर लावून पाहिलं होतं. हिच्यातून काही येईना. म्हटलं, ही जास्तीची.” ते थांबले. “घड्याळात जास्तीचं काही नसतं म्हणून तुला कानीकपाळी ओरडत आलो. आणि तुझ्या वस्तूत हात घातला तेव्हा मलाच ते सुचलं नाही.”

तिनं दिवा जरा त्यांच्याकडे वळवला.

“काय करते ही?”

“लॅपटॉप हिच्यातून चार्जरला विचारतो,” ती म्हणाली. “तू कोण, किती वीज देऊ शकतोस. उत्तर आलं की पळायला लागतो.”

“आणि नाही आलं तर?”

“तर बंद पडत नाही. समोरच्याचं बळ किती ते माहीत नाही, म्हणून जपून चालतो. आपण पळालो आणि चार्जर जळाला तर, म्हणून.”

घड्याळजी सरळ झाले. त्यांनी टेबलावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं, एखाद्या अनोळखी माणसानं भर गर्दीत आपल्याला बसायला जागा द्यावी आणि आपण त्याच्याकडे पाहावं तसं.

“दुसऱ्याला झेपेल न झेपेल म्हणून स्वतः हळू?”

“हो.”

“सतरा दिवस?”

“सतरा दिवस.”

“कमाल आहे,” ते पुटपुटले. “कमाल आहे बुवा.”

मग त्यांनी डबी तिच्यासमोर ठेवली आणि स्वतः दिवा धरला. दिवा थरथरत होता म्हणून त्यांनी कोपर टेबलावर रोवलं. ती गिरमिट दोन बोटांत धरून फिरवू लागली.

“दाबू नकोस, चिमटे. त्याच्या वजनानं जाऊ दे.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे तर खांदा कशाला उचलतेस?”

तिनं खांदा खाली सोडला. धातूचा पिठासारखा कीस वर आला. पहिली तार बसवताना तुटली. दुसरी सैल निघाली. तिसरी तिनं त्यांच्या दगडावर घासली, पुन्हा लावून पाहिली, पुन्हा घासली, आणि ती आत जाऊन जी बसली ती उपटूनही निघेना. दोघांनीही एकदमच श्वास सोडला. मग आपण दोघंही श्वास धरून होतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि घड्याळजी किंचित हसले.

तिनं चार्जर लावला. लॅपटॉप चालू केला.

शून्य दशांश चार.

“नाही झालं,” घड्याळजी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

“थांबा. ओळख व्हायला वेळ द्या.”

आकडा हलला. एक दशांश एक झाला. एक दशांश नऊ. मग दोन दशांश पाच, आणि पंखा घुमायला लागला. पडद्यावर पाखरंवालीच्या पक्ष्यांच्या रेषा झरझर उमटू लागल्या. एवढा वेळ मुंगीच्या पावलानं सरकणारं सगळं चित्र पाण्यासारखं वाहू लागलं.

“हे दोन दशांश पाच म्हणजे काय?”

“त्याचे ठोके. सेकंदाला अडीचशे कोटी.”

घड्याळजींना वाटलं ती थट्टा करतेय. त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग खिशातली पेन्सिल काढून तिच्या वहीच्या मागच्या पानावर मांडायला घेतलं. त्यांची शून्यं वेडीवाकडी येत होती.

“माझं मनगटी घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं. म्हणजे अडीचशे कोटी ठोके द्यायला त्याला पन्नास कोटी सेकंद लागणार.” वर्षाला तीन कोटी पंधरा लाख छत्तीस हजार सेकंद होतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी भाग दिला. उत्तराखाली रेघ ओढली आणि पेन्सिल खाली ठेवली. “पंधरा वर्षं दहा महिने.”

“कशाची?”

“माझं घड्याळ पंधरा वर्षं दहा महिने रात्रंदिवस चालेल तेव्हा याचा एक सेकंद होईल.” त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा खाली आला होता. “आणि हा आजारी होता तेव्हा?”

तिनं हिशोब केला. “अडीच वर्षं.”

“आजारपणातसुद्धा अडीच!” ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. “तुझं हे टेबल कधी आलं गं?”

“दोन महिन्यांनी सोळा वर्षं होतील.”

त्यांनी वहीतल्या आकड्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथं घासून घासून लाकूड उघडं पडलं होतं.

“म्हणजे याचा एकच सेकंद झाला,” ते म्हणाले.

तिनं लॅपटॉप बंद केला. ती चार्जर गुंडाळायला लागली.

“थांब. खूण केलीस?”

“माझी कुठं खूण आहे, बाबा?”

“दुरुस्ती केलीस ना? मग कर.”

हा शब्द त्यांनी तिच्या टेबलाशी उभं राहून आजवर वापरला नव्हता. तिनं कोरणी घेतली आणि त्यांच्या टिंबाशेजारी दोन बारीक रेषा ओढल्या, वर जोडलेल्या, खाली फाकलेल्या. चिमट्याच्या दोन पात्यांसारख्या. घड्याळजींनी भिंगातून बघितलं आणि मान डोलावली. संध्याकाळी पाखरंवाली लॅपटॉप छातीशी धरून घेऊन गेली.

दुकान बंद करायच्या वेळी ती हात धुऊन आली तर तिच्या टेबलाच्या मधोमध किल्ली ठेवलेली होती. घड्याळजी चप्पल घालत होते. ती तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी हात वर केला. तो थरथरत होता, पण त्यापुढे बोलायची सोय नव्हती. रात्री त्यांनी जेवल्यावर नेहमीसारखा बिनसाखरेचा चहा मागितला आणि लवकर झोपले. आई तिला खुणेनं विचारत राहिली, काय झालं म्हणून. तिनं नुसती मान हलवली.

सकाळी ती एकटीच निघाली. ते घरात दिसले नव्हते, फिरायला गेले असतील असं आई म्हणाली. शटर आपल्याला एकटीला उघडावं लागणार, आत गेल्यावर बाबांच्या रिकाम्या टेबलाकडे बघावं लागणार, या विचारानं ती रेंगाळत चालली होती. ती कोपऱ्यावर वळली, तर दुकानाच्या पायरीवर घड्याळजी बसलेले. शर्टाच्या खिशात भिंग.

“उशीर झाला,” ते म्हणाले.

“बाबा, तुम्ही? काल तर किल्ली...”

“किल्ली देईन म्हटलं होतं, दिली. घरी बसेन असं कधी म्हटलं होतं?”

तिनं शटर वर ढकललं. ते आत गेले, आपलं स्टूल उचललं आणि दोनदा टेकत, थांबत, तिच्या टेबलाशी आणून ठेवलं.

“काल एक विचारायचं राहिलं,” ते बसत म्हणाले. “ते ठोके. देतं कोण?”

तिनं खणातून आपल्याच वापरातला जुना लॅपटॉप काढला, पाठ उघडली, चालू केला आणि चिमट्याच्या टोकानं तांदळाच्या कणीएवढा एक चंदेरी तुकडा दाखवला. आत स्फटिक असतो, तो कंप पावतो, त्यावरून सगळ्यांना ताल मिळतो, असं सांगितलं. घड्याळजींना स्फटिक ठाऊक होता. सेलवरच्या घड्याळात तोच बसलेला असायचा, आणि त्यानंच त्यांची गिऱ्हाइकं नेली होती. त्याच्याकडे त्यांनी कधी प्रेमानं पाहिलं नव्हतं.

“हा? एवढा?”

“एवढाच.”

ते खाली वाकले. भिंग लावलं नाही. डोकं कलतं करून त्यांनी कान त्या तुकड्याजवळ नेला, जसा ते आयुष्यभर घड्याळाजवळ नेत आले होते. तिला सांगावंसं वाटलं की बाबा, हा ऐकू येत नाही, कुणालाच येत नाही.

“श्श,” ते म्हणाले. “ही आपली घड्याळं फार गोंगाट करतात.”

ती उठली. पहिल्या भिंतीपाशी गेली आणि लंबकावर बोट ठेवून तिनं एक घड्याळ थांबवलं. पन्नास वर्षांत या दुकानातलं चालतं घड्याळ कुणी हातानं थांबवलं नव्हतं. तिनं मागे वळून पाहिलं. घड्याळजींनी डोळे मिटले होते. मग तिनं दुसरं थांबवलं, तिसरं थांबवलं, आणि पाय न वाजवता पुढच्या भिंतीकडे गेली.